इवायाची सरकी

देवळीचे भैय्याजी सुरकार आणि सिंदी रेल्वेचे किसनराव यांचं बावीस वर्षं कधी पटलं नाही, आणि म्हणूनच दोघांचे धंदे बावीस वर्षं नीट चालले. ही गोष्ट त्या दोघांना सोडून अख्ख्या वर्धा जिल्ह्याला कळत होती.

किसनरावांचं सिंदीला जिन होतं. शेतकऱ्याचा कापूस तिथं यायचा, रुई एकीकडे पडायची, सरकी दुसरीकडे. ती सरकी ट्रकात भरून भैय्याजींच्या ऑइल मिलला यायची. भैय्याजी तिचं तेल काढायचे आणि उरलेल्या चोथ्याची ढेप गवळ्यांना गाई-म्हशींसाठी विकायचे. आता वजन वाढवायला जिनवाल्यानं सरकीवर पाणी मारावं, हा या धंद्याचा कुळाचार. आणि मिलवाल्यानं ते पकडावं, हाही कुळाचारच. ट्रक फाटकातून आत आला की भैय्याजी बाही वर सारायचे, सरकीच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचे, तळातली मूठ वर काढायचे आणि त्यातला एक दाणा दाढेखाली धरायचे. कोरडी सरकी कट् वाजते. ओली वाजत नाही, नुसती दबते. कट् वाजलं नाही की भैय्याजी फोन लावायचे.

"किसन्या, सरकी पाठवली का नाली उपसून पाठवली बे?"

"तुह्या दाढा पडल्या भैय्या. आवाज कोठून येईन?"

"ट्रक वापस येऊन राह्यला. डिझेल तुह्या खिशातलं."

"येऊ दे. अन् तूबी ये त्याच्यात बसून, तुलेबी वाळवतो उन्हात."

ट्रक परत जायचा, दुसऱ्या दिवशी कोरडा होऊन यायचा. मग पुढचे दोन ट्रक बिनबोभाट कोरडे, तिसऱ्याला पुन्हा पाण्याचा मोह, पुन्हा फोन. प्रयोगशाळा नाही, मशीन नाही. दोघांच्या शिव्यांतून जो माल पार व्हायचा, तो खणखणीत असायचा.

हे सगळं बिघडवलं पियुषनं. पियुष म्हणजे किसनरावांचा मुलगा, नागपूरहून एमबीए होऊन आलेला. भैय्याजींची मुलगी रक्षा बी.कॉम. झाल्यावर पाच वर्षं मिलच्या गल्ल्यावर बसत होती. गवळी भैय्याजींशी हुज्जत घालायचे आणि रक्षाला घाबरायचे. तिला बघायला म्हणून पियुष आला. पोरगी दहा मिनिटं पाहिली आणि मिल दोन तास. मग पोह्यांची बशी बाजूला सारून त्यानं रक्षाचा बायोडाटा उलटा केला आणि त्याच्या पाठीवर एक गोल काढला. शेत, कापूस, जिन, सरकी, मिल, ढेप, म्हैस, शेण, पुन्हा शेत.

"काकाजी, ह्याले म्हंते सप्लाय चेन इंटिग्रेशन. सारी साखळी एका घरात आली का बिजनेस सस्टेनेबल होते."

"म्हंजे काय होते?"

"टिकते. पन्नास वर्षं टिकते."

भैय्याजींनी त्या गोलाकडे पाहिलं. ज्याच्या सरकीसाठी बावीस वर्षं घसा फोडला तो माणूस आपोआप आपला होणार, सरकी आपली होणार, आणि रक्षा त्याच्या जिनाच्या गल्ल्यावर जाऊन बसणार. फसला किसन्या, असं त्यांना मनातल्या मनात वाटलं आणि त्यांनी होकार दिला. पुढं कळलं की त्याच घटकेला सिंदीत किसनरावही मांडीवर थाप मारून म्हणत होते, फसला भैय्या.

मे महिन्यात लग्न झालं. बाकीच्या जिनवाल्यांना भैय्याजींनी जेवायलाही बोलावलं नाही. आता त्यांची काय गरज!

दिवाळीनंतर हंगाम लागला आणि पहिला ट्रक आला. बोनेटवर झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. सवयीनं भैय्याजींनी बाही वर सारली, हात खुपसला, दाणा काढला आणि दाढेकडे नेला. तेवढ्यात आरतीचं ताट घेऊन त्यांच्या पत्नी मंदाबाई धावत आल्या.

"थांबा! काय करून राह्यले तुमी?"

"दाना पाहून राह्यलो."

"दातानं? इवायाच्या घरून आलेला माल दातानं पाह्यता? इनबाईच्या कानावर गेलं तं टोमणे कोण खाईन? तुमी का माही पोरगी?"

इवाई म्हणजे व्याही, इनबाई म्हणजे विहीणबाई. आणि व्याह्याशी भाव करायचा नसतो, त्याच्या वस्तूला नाव ठेवायचं नसतं, त्याच्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं. दाणा भैय्याजींच्या जिभेवर पोचला होता. त्यांनी तो तसाच गिळला.

मग ट्रकचा ड्रायव्हर प्रफुल याला टिळा लावला, दुपट्टा दिला, नारळ दिला, पाटवडीची भाजी आणि शिरा वाढला. या प्रफुलला भैय्याजींनी दहा वर्षं किसनरावांच्या वाटणीच्याही शिव्या दिल्या होत्या. कपाळाला टिळा टेकला तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं, आपल्या मागं कोणी पाहुणा उभा आहे की काय.

जेवण झाल्यावर मंदाबाईंच्या मोबाइलवर टुण् झालं. पियुषनं ॲप टाकून दिलं होतं. माल कसा होता, तारे दाबा. मंदाबाईंनी पाच दाबले.

"माल पाह्यला तरी का तू?" भैय्याजी म्हणाले.

"पाह्याचं काय त्याच्यात? चार दाबले असते तं बरं दिसलं असतं?"

दुसरा ट्रक पहिल्याहून ओला होता. पाच तारे. चौथ्या ट्रकाच्या वेळी फाटकापासून गोदामापर्यंत ओली रेघ उमटली. पाच तारे. सहावा ट्रक सेलूच्या चौकात थांबला तेव्हा दोन बायांनी पाण्याचा टँकर समजून मागच्या फाळक्याखाली हंडे लावले, आणि भांडून एकीनं आपला भरूनही नेला. प्रफुलनं येऊन हे सांगितलं, नवा दुपट्टा घेतला आणि जेवायला बसला. त्याच्या घरी आतापर्यंत खिडक्यांना दुपट्ट्याचे पडदे लागले होते.

ओली सरकी ढिगात नुसती बसून राहत नाही. ती आतून तापते. डिसेंबरात एका दुपारी गोदामातून धूर निघायला लागला. कोणीतरी फोन केला, आगीचा बंब आला, आणि बंबवाल्यांनी मन लावून अर्धा तास त्या ढिगावर पाणी मारलं. धूर थांबला. चार दिवसांनी दुप्पट निघाला. पुन्हा बंब आला. तिसऱ्या खेपेला बंबवाल्यानंच विचारलं, "भैय्याजी, नेमकी आग कोठी आहे? आमाले तं अजून दिसली नाई."

"सिंदीले आहे," भैय्याजी म्हणाले.

त्या सरकीची ढेप काळी निघाली. आंबट वास, हातात घेतली की चिकट. आणि एका शुक्रवारी, ऐन बाजाराच्या गर्दीत, महादेवराव आपली म्हैस घेऊन मिलच्या फाटकावर हजर झाले. महादेवराव गवळ्यांच्या संस्थेचे अध्यक्ष. संस्थेची दोनशे जनावरं वर्षभर भैय्याजींचीच ढेप खायची; मिलचं यंत्र चालायचं ते त्यांच्यासाठीच. महादेवरावांनी म्हैस फाटकाला बांधली, पुढं घमेलं ठेवलं, त्यात ढेप फोडली आणि बाजाराकडे तोंड करून ओरडले, "पाहा बाप्पा, सारे जण पाहा!"

बिजली नावाची ती म्हैस. तिनं ढेप हुंगली, शिंकली, आणि मान लांब करून शेजारी उभ्या ट्रकावरची झेंडूची माळ खाल्ली. मग प्रफुलच्या गळ्यातला दुपट्टा ओढला आणि तोही चावायला सुरुवात केली.

"दुपट्टा खाल्ला, पर ढेप नाई खाल्ली!" महादेवराव म्हणाले. "दूध अर्ध्यावर आलं भैय्याजी. काय खाऊ घालून राह्यले आमच्या जनावराले?"

"दूध अर्ध्यावर आलं का त्याच्यात टाकाचं पानी संपलं, महादेवराव?"

"आमच्या पाण्याचं सोडा. तुमची ढेप तुमी खाऊन दाखवा. घ्या!"

"माल चांगला आहे. इवायाचा आहे."

"मंग म्हशीले अक्कल आहे म्हणाचं. तिले कोणी इवाई नाई!"

बाजार हसला. हसणाऱ्यांत भैय्याजींचा हमालही होता. महादेवरावांनी दुपट्ट्याचं उरलेलं टोक म्हशीच्या तोंडातून काढलं, प्रफुलच्या हातात दिलं आणि शेवटचं सांगितलं. संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी संस्था वर्षभराच्या ढेपेचं ठरवणार. बिजलीनं तोंड लावलं तर सौदा भैय्याजींचा. नाही लावलं तर पुलगावच्या मिलचा.

संस्था गेली की मिल गेली. मग पत्र्याखाली कबुतरं आणि यंत्रावर भैय्याजींचे सुकत घातलेले लेंगे. त्यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. फोन उचलला. बोट बावीस वर्षांच्या सवयीनं नंबरावर गेलं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"नमस्कार, इवाईबुवा."

"नमस्कार नमस्कार! माल कसा वाटला?"

"चांगला आहे. म्हंजे, जरासा थंड वाटते."

"थंडीचेच दिवस आहे ना इवाईबुवा."

"अन् थोडा... ताजा वाटते."

"ताजाच आहे! घरचा माल!"

"त्याले जरा ऊन दाखवून पाठवलं असतं तं..."

"तुमचं अंगण का परकं आहे आमाले? तिथंसाच दाखवा ऊन. इनबाईले नमस्कार सांगजा."

फोन ठेवल्यावर भैय्याजींनी टेबलावरची शाईची बाटली भिंतीवर फेकून मारली. बावीस वर्षांत किसनरावांनी त्यांना नाही नाही ते म्हटलं होतं, पण असा अपमान कधी केला नव्हता. या माणसाला शिवी द्यायची सोय उरली नव्हती आणि त्या माणसाला ते पक्कं माहीत होतं.

त्यांनी पुलगावच्या नानाजींना फोन लावला. नानाजींचं जिन लहान, पण सरकी प्रामाणिक.

"सरकी पाह्यजे?" नानाजी म्हणाले. "लग्नाचं आवतन देतानी आठवन नाई झाली, सरकीले बरी झाली. काऊन, इवाई मेला का तुमचा?"

"नाई जी, तसं नाई..."

"मंग मेल्यावर फोन करजा."

संक्रांत आली. लग्नानंतरची रक्षाची पहिली. मंदाबाईंनी काळी साडी घेतली, हलव्याचे दागिने केले, तिळाचे लाडू बांधले आणि देवळीच्या नळाच्या पाण्याची मोठी बाटली भरली. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी आईबापानं अन्न खायचं नाही आणि पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज.

"आपल्याच घरचं पानी पेजा तिथंसा," गाडीत बसताना मंदाबाई म्हणाल्या. "त्याईच्या घरचं नाई चालत."

"अन् तो सरकीतून पाजून राह्यला तीन महिने, ते कोणाच्या घरचं आहे वं? अन् तेबी सरकीच्या भावानं!"

"गोड बोला. संक्रांत आहे."

मंदाबाईंनी पवनारपर्यंत अर्धी बाटली संपवली आणि सेलूपर्यंत उरलेली. तिळाचे लाडू चाखून पाहिले होते, त्यानं तहान लागली म्हणाल्या.

सिंदीला किसनरावांच्या बैठकीत सात-आठ बाया हळदीकुंकवाला जमल्या होत्या. रक्षा काळ्या साडीत, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या, पांढऱ्याशुभ्र दागिन्यांत उठून दिसत होती. पियुष कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. किसनरावांनी उंबऱ्यातच हात जोडले.

"या इवाईबुवा! पानी घेता?"

"नाई, चालत नाई."

"हो हो, विसरलोच मी. च्या?"

"नाई."

"मंग सरबत?"

माणूस हसत होता. विसरला काहीच नव्हता. भैय्याजींचा घसा सुकून चामड्यासारखा झाला होता आणि हा जगातली सगळी पेयं एकेक करून त्यांच्या नाकासमोरून फिरवत होता. लघवीचं निमित्त करून ते उठले आणि मागच्या दारानं जिनाच्या आवारात गेले.

आवारात सरकीचे दोन ढीग होते. पहिल्यावर नळीचं कारंजं फिरत होतं, खाली एक डबा, डब्यावर लाल दिवा. दुसरा ढीग पत्र्याखाली, वर ताडपत्री. भैय्याजींनी ताडपत्री उचलली, हात घातला. कोपरापर्यंत. एक दाणा दाढेखाली धरला.

कट्.

तीन महिन्यांनी तो आवाज ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिथलं एवढंच पाणी त्यांच्या हक्काचं होतं. शेजारी प्रफुल ट्रकाला टेकून उभा होता.

"ही कोणाची?" भैय्याजींनी विचारलं.

"राजकोटच्या पार्टीची."

"अन् ती कारंज्याखालची?"

"तुमची जी."

"काऊन?"

प्रफुलनं आजूबाजूला पाहिलं. "राजकोटवाला हरेक ट्रकाले एक तारा देते. अन् फोनवर अशा शिव्या देते का मले गुजराती येत नाई तरी समजते. तुमच्याकडून पाच तारे येते. मंग पियुषभाऊचा तो डबाच तारे पाहून ठरवते, कोणाले किती पानी."

भैय्याजी परत बैठकीत आले ते ओल्या ढिगातली मूठ घेऊन. पाणी बोटांतून गालिच्यावर ठिबकत होतं. त्यांनी ती मूठ हळदीकुंकवाच्या ताटात आपटली.

"रक्षा! हे काय आहे?"

बाया मागं सरकल्या, पण कोणी उठून गेली नाही.

"सरकी आहे बाबा," रक्षा शांतपणे म्हणाली.

"सरकी? आंघोळ करून आली का ही? चाव! चावून दाखव! तुह्या गळ्यातल्या हलव्यातून आवाज येईन, हिच्यातून येणार नाई!" आणि त्यांनी तिच्या हाराचा मधला पदकाएवढा हलवा तोडून दाढेखाली फोडला. कट्! "आयकलं? याले म्हंते माल!"

"माहा हार कायले तोडला?" आता रक्षाचा आवाज चढला. मिलच्या गल्ल्यावरून गवळ्यांवर चढायचा तोच. "तीन महिने बाराच्या बारा ट्रकाले पाच तारे कोणी देल्ले? मी का आपल्या मनानं दाबले? हे पाहा!" तिनं मोबाइल बापाच्या नाकासमोर धरला. "यायच्या डब्याचा हिशोब असा आहे का गिऱ्हाईक खुश, तं अर्धा टक्का पानी वाढवा. तक्रार आली, तं कमी करा. मी म्हटलं यायले, थांबा, माहा बाप आहे, आठ दिवसांत अशी शिवी देईन का डबा फुटन. मी रोज फोनची वाट पाहून राह्यली होती. तुमी काय पाठवलं? नारळ!"

पियुष लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "काकाजी, डेटा तं म्हंते का तुमी आमचे सर्वांत समाधानी..."

"तू चूप!" बाप आणि लेक एकदमच म्हणाले.

भैय्याजींनी मंदाबाईंकडे पाहिलं. मंदाबाई छताकडे पाहत होत्या.

"तरी पानी तं तुमीच मारलं ना!" भैय्याजी म्हणाले.

"अन् तुमी ढेपेवर मारत नाई?" रक्षा म्हणाली. "संध्याकाळी बादली कोण धरत होतं? मी! कोणी शिकवलं? आता मी इकडं आहे, तं इकडून मारतो."

कोपऱ्यातल्या एका बाईनं दुसरीला चिमटा काढला. संक्रांतीला असं वाण त्यांना कधी मिळालं नव्हतं.

"ते राजकोटचं गंज मले पाह्यजे. आज, आत्ता." भैय्याजींनी मागच्या दाराकडे, त्या कोरड्या ढिगाच्या दिशेनं बोट केलं.

"नाई भेटत. त्याचा सौदा झाला."

इथं किसनराव मध्ये पडले. चेहऱ्यावर मध, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. "इवाईबुवा, सणाच्या दिवशी असं बोलू नोका. बसा. थोडंसं पानी घ्या, शांत व्हा." आणि थांबून, जिभेला दात लावून, "अरे हो! तुमाले तं चालत नाई."

भैय्याजींनी तांब्या हिसकावला. तोंडाला लावला. घटाघटा, मान मागं टाकून, गळ्यावरून ओघळ सदऱ्यात शिरेपर्यंत, तळाचा थेंबही न ठेवता तो अख्खा तांब्या ते प्यायले.

"अवो!" मंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "पेले तुमी!"

भैय्याजींनी तांब्या जमिनीवर आपटला, बाहीनं तोंड पुसलं.

"पेलो. झालं. रिवाज संपला, इवाईपन संपलं. आता मी गिऱ्हाईक." आणि मग तीन महिने घशात अडकलेला शब्द बाहेर पडला. "किसन्या!"

किसनरावांच्या चेहऱ्यावरचा मध एका क्षणात उतरला आणि खाली जुना किसन्या निघाला. "बोल बे भैय्या."

"चोट्टा आहे तू. माह्या पोरीच्या कुंकवाआड लपून पानी विकलं."

"अन् तू फुकटात जिन बळकवाले निघाला होता! पोरगी गल्ल्यावर बसवून!"

"ते गंज दे."

"नाई देत. काय करशीन?"

"काय करन?" भैय्याजींनी सोफ्यावर बैठक मारली, चपला काढून मांडी घातली. "मिल तं बंद होईनच माही. मंग मले घरी काम काय? पानी पेलोच आहे तुह्या घरचं, आता जेवाले कोण अडवते? उद्यापासून इथंसाच. सकाळी च्या, दुपारी जेवन, संध्याकाळी पुन्हा च्या. मले मिरचीचा ठेचा लागते रोज, अन् तंबाखू झाल्यावर थुंकाले जागा. राजकोटवाला तुले फोनवर शिव्या देते. मी समोर बसून देईन. जेवताजेवता."

किसनराव हसायला गेले, पण त्यांच्या पत्नीनं, इनबाईंनी, सोफ्यावर पसरलेल्या भैय्याजींकडे पाहिलं. मग त्यांच्या पायाकडे. मग गालिच्यावरच्या ओल्या डागाकडे.

"अवो, देऊन टाका ते गंज," त्या म्हणाल्या.

"अवं, सौदा..." किसनराव म्हणाले.

"मी म्हटलं ना, देऊन टाका! हा मानूस उठला पाह्यजे माह्या घरातून!"

रक्षानं तोवर प्रफुलला हाक मारली होती. "भाव मात्र राजकोटवाल्याचाच लागन बाबा."

"राजकोटवाल्याचा? तो भाव राजकोटपर्यंत नेण्याचा आहे! मी कोन, देवळीचा!"

"कोरडी पाह्यजे का ओली?"

"मी तुले लहानाचं मोठं केलं..."

"त्याच्यानंच भाव समजते मले."

अर्धा तास बाप-लेकीनं भाव केला. बाया हळदीकुंकू लावायचं विसरून ऐकत राहिल्या. पाच वर्षं शेजारी बसवून जे जे शिकवलं होतं, ते सगळं भैय्याजींच्या अंगावर आलं. शेवटी जो भाव ठरला तो दोघांनाही कडू लागला, म्हणजे बरोबर होता. ट्रक भरला. निघताना किसनराव फाटकापर्यंत आले.

"परत तोंड दाखवू नको," ते म्हणाले.

"तुह्या सरकीत कट् वाजलं तं नाई दाखवत," भैय्याजी म्हणाले.

चौथ्या दिवशी संस्थेचे सगळे गवळी मिलच्या फाटकावर जमले. ढेप ताजी, पिवळसर, कोरडी. भैय्याजी गोदामातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात घमेलं होतं आणि दुसऱ्या हातात, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, पाण्याची बादली.

"बादली कायची?" महादेवरावांनी डोळे बारीक केले.

भैय्याजींनी बादलीकडे पाहिलं. ढेपेकडे पाहिलं. फाटकावरच्या चाळीस डोळ्यांकडे पाहिलं.

"म्हशीले प्याले आणली," ते म्हणाले आणि बादली बिजलीपुढं ठेवली.

बिजलीनं पाण्याकडे ढुंकून पाहिलं नाही. घमेल्यात तोंड घातलं आणि तळ चाटून काढला. मग आणखी मागायला तिनं भैय्याजींच्या पोटात ढुशी दिली आणि ते बादलीत बसले.

"सौदा तुमचा," महादेवराव म्हणाले. "पर तारीफ करत नाई मी. म्हैस उपाशी होती."

"तुमीच ठेवली असीन उपाशी. ढेपेचे पैसे वाचवाले."

त्याच दुपारी सिंदीहून पुढचा ट्रक आला. माळ नव्हती, स्वस्तिक नव्हतं. दुपट्टा मिळणार नाही हे प्रफुलला दिसलं आणि तो घरचा जेवणाचा डबा घेऊन झाडाखाली बसला. ओल्या लेंग्यानिशी भैय्याजींनी बाही वर सारली, कोपरापर्यंत हात घातला, तळातला दाणा काढला. कट्. दुसऱ्या कोपऱ्यातला काढला. कट्. चाकाजवळचा, फाळक्याजवळचा, मधला. कट्, कट्, कट्.

त्यांनी मंदाबाईंच्या हातातून मोबाइल काढून घेतला, चष्मा लावला आणि एक तारा दाबला.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"एक तारा?" किसनराव ओरडत होते. "काय खोट आहे बे सरकीत? सांग! काय खोट आहे?"

"सापडली नाई अजून," भैय्याजी म्हणाले. "पर तू पाठवली आहे ना, म्हंजे असीनच."